पोथीपासून संविधानापर्यंत
(न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांची वाटचाल आणि आपण)

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे, धम्मविषयक लेख आणि समाजातील गुणवंतांचा परिचय नेहमीच येतो. यंदा आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. धर्मशास्त्राचा एक संस्कृत पंडित पुढे देशाचा सरन्यायाधीश झाला. त्याच्या लेखणीतून उतरलेल्या निकालांनी मंदिरप्रवेश, आरक्षण, विवाहाचा कायदा आणि कामगारांचे हक्क या सर्व प्रश्नांवर कायमचा ठसा उमटवला. ते न्यायमूर्ती म्हणजे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

सनातनी विद्येच्या घरात वाढलेल्या न्यायाधीशाचे चरित्र पोंभुर्ण्याच्या बौद्ध वाचकाने कशासाठी वाचावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आमचे उत्तर साधे आहे. आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा आहे, हे वाक्य आपल्या प्रत्येक तरुणाने ऐकलेले असते. ही मर्यादा संविधानाच्या कोणत्या कलमात लिहिली आहे, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. ती मूळ संविधानात लिहिलेलीच नव्हती. ती एका निकालपत्रातून आली आणि ते निकालपत्र याच न्यायमूर्तींनी लिहिले. जे शब्द आपल्या मुलांच्या प्रवेशाला व नोकरीला लागू होतात, ते कोणी, कोणत्या प्रकरणात आणि कशाच्या आधारे लिहिले, हे जाणून घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

सातारा : एकच गाव, दोन मुले

गजेंद्रगडकरांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी सातारा येथे झाला. पूर्वज कर्नाटकातील गजेंद्रगडचे, म्हणून हे आडनाव. घरात संस्कृत विद्येची परंपरा होती. वडील बाळाचार्य संस्कृतचे जाणकार, तर थोरले बंधू अश्वत्थामाचार्य पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले. शास्त्रग्रंथ प्रल्हादाच्या कानावर लहानपणापासूनच पडत होते.

याच सातारा गावात, त्यांच्या जन्माच्या अवघ्या चार महिने आधी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, एका दुसऱ्या मुलाचे नाव शाळेत घातले गेले होते. तो मुलगा म्हणजे भिवा, आपले परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांना वर्गात वेगळे बसावे लागले. पुढे मुंबईच्या शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. नंतर त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृत ग्रंथ अभ्यासले.

ही तुलना आम्ही कोणाला कमी लेखण्यासाठी करीत नाही. गजेंद्रगडकरांची विद्वत्ता खरीच होती आणि ती त्यांनी मेहनतीने मिळवली होती. परंतु ज्या विद्येच्या बळावर एक मुलगा धर्मशास्त्राचा अधिकारी पुरुष ठरला, तीच विद्या दुसऱ्या मुलासाठी बंद होती, हे या चरित्राच्या सुरुवातीलाच ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे त्या दुसऱ्या मुलाने संविधानाचा मसुदा सिद्ध केला आणि पहिल्याने त्याच संविधानाचा अर्थ लावला. दोघांच्या कार्याची गाठ अशी पडली.

कायद्याचा अभ्यासक

धारवाडचे कर्नाटक कॉलेज आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे गजेंद्रगडकरांचे उच्च शिक्षण झाले. १९२४ साली ते एम. ए. झाले. त्याच वर्षी पुण्यात लॉ कॉलेज सुरू झाले होते. त्याचे पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे हे स्वतः धर्मशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. या कॉलेजातून १९२६ साली कायद्याची पदवी घेऊन गजेंद्रगडकर मुंबई उच्च न्यायालयात अपील शाखेकडे वकिली करू लागले.

त्या काळी हिंदूंचे विवाह, दत्तक, वारसा आणि वाटणी यांचा कायदा एखाद्या अधिनियमात लिहिलेला नव्हता. मिताक्षरा, व्यवहारमयूख, दत्तकमीमांसा असे संस्कृत ग्रंथ, जातीजातींच्या रूढी आणि जुने निकाल यांवरून तो ठरत असे. विधवेने घेतलेले दत्तक वैध की अवैध यावर मोठमोठ्या इस्टेटी हातच्या जात किंवा राहत. बहुतेक वकील इंग्रजी भाषांतरावर विसंबत. ज्याला मूळ संस्कृत वाचता येई त्याचे वजन साहजिकच अधिक असे. महामहोपाध्याय पां. वा. काणे हे याच परंपरेतले.

गजेंद्रगडकर वकिलीसोबत लेखनही करीत. 'हिंदू लॉ क्वार्टर्ली' या त्रैमासिकाचे ते संपादक होते. नंदपंडिताच्या 'दत्तकमीमांसा' या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती त्यांनी तयार केली. चिकित्सक आवृत्ती म्हणजे निरनिराळ्या हस्तलिखितांची तुलना करून मूळ पाठ कोणता असावा हे ठरवणे. त्यात एका शब्दासाठी दहा पोथ्या पाहाव्या लागतात. शब्दाचे मोल ओळखण्याची ही सवय पुढे न्यायासनावर त्यांच्या उपयोगी पडली.

१९४५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. जानेवारी १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. १ फेब्रुवारी १९६४ ते १५ मार्च १९६६ या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते.

त्या काळी आपला चांदा जिल्हा मुंबई राज्यात नव्हता, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. तो मध्यप्रांत व वऱ्हाडात होता आणि आपले अपील नागपूरच्या उच्च न्यायालयात चाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला व पुढे महाराष्ट्रात आपल्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ झाले.

नरसू अप्पा माळी : धर्मशास्त्र आणि मूलभूत हक्क

संविधान लागू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९५१ मध्ये, एक मोठे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदू पुरुषाला एक पत्नी हयात असताना दुसरे लग्न करण्यास बंदी करणारा कायदा केला होता. मुसलमानांना ही बंदी नाही, म्हणून हा भेदभाव आहे. शिवाय हा आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे, असा आक्षेप घेतला गेला. मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी स्वतंत्र निकालपत्रे लिहून हा कायदा वैध ठरवला. समाजसुधारणा टप्प्याटप्प्याने करण्याची मुभा राज्याला आहे, एका समाजापासून सुरुवात केली म्हणून कायदा रद्द होत नाही, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांच्या दृष्टीने हा निकाल हिताचाच होता.

मात्र त्याच निकालात दुसरा एक मुद्दा होता. संविधानाच्या कलम १३ प्रमाणे मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले जुने कायदे तेवढ्यापुरते रद्द होतात. मग हिंदूंचा किंवा मुसलमानांचा व्यक्तिगत कायदा या कलमात येतो काय? दोन्ही न्यायमूर्तींनी नाही असे उत्तर दिले. गजेंद्रगडकरांचे म्हणणे थोडक्यात असे की, कलम १३ मधील 'अमलात असलेले कायदे' म्हणजे विधिमंडळाने किंवा अधिकारी संस्थेने केलेले कायदे. व्यक्तिगत कायदा धर्मग्रंथांतून आलेला आहे. तो बदलण्याचे काम संविधानकारांनी विधिमंडळाकडे सोपवले आहे. या निकालात अस्पृश्यतेचाही दाखला दिला गेला. धार्मिक रूढी कलम १३ मुळेच आपोआप रद्द होणार असत्या, तर अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ वेगळे लिहिण्याची गरज काय होती, असा तो युक्तिवाद होता.

येथे आम्हाला थांबून विचार करावासा वाटतो. कलम १७ वेगळे लिहिले गेले कारण ती जखम वेगळी आणि खोल होती. ते लिहिले म्हणून बाकीचे अन्याय कलम १३ च्या बाहेर राहतात, हा अर्थ सर्वांना पटण्यासारखा नाही. स्वतः बाबासाहेबांनी २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत अशी भूमिका मांडली होती की, आपल्याकडे धर्माने जन्मापासून मृत्यूपर्यंतचे सगळे जीवन व्यापले आहे. धर्माची व्याप्ती इतकी मानली तर सामाजिक सुधारणा अशक्य होईल. सत्तर वर्षांनी हा प्रश्न पुन्हा वर आला. २०१७ च्या तिहेरी तलाक प्रकरणात आणि २०१८ च्या शबरीमला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींनी नरसू अप्पा निकालाच्या या भागावर शंका व टीका नोंदवली.

गजेंद्रगडकर सुधारणेच्या विरोधात मात्र नव्हते. हिंदू कोड बिलाच्या बाजूने त्यांनी विचार मांडले. धर्मशास्त्र काळानुसार बदलत आले आहे हे ते मूळ ग्रंथांच्या आधारे सांगू शकत होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. याच बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपणांस माहीत आहेच.

बालाजी प्रकरण : पन्नास टक्के कोठून आले

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू. म्हैसूर राज्याने ३१ जुलै १९६२ रोजी वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी आदेश काढला. त्यात मागास वर्गाला २८ टक्के, अधिक मागास वर्गाला २२ टक्के, अनुसूचित जातींना १५ टक्के आणि अनुसूचित जमातींना ३ टक्के जागा राखल्या होत्या. बेरीज ६८ टक्के. एम. आर. बालाजी आणि इतर विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २८ सप्टेंबर १९६२ रोजी हा आदेश रद्द केला. निकालपत्र गजेंद्रगडकरांचे होते.

त्या निकालाचे मुख्य मुद्दे असे :

पहिला, मागासलेपण सामाजिक आणि शैक्षणिक असे दोन्ही असले पाहिजे. जात हा विचारात घेण्याचा एक घटक आहे, पण तीच एकमेव कसोटी असू शकत नाही. दारिद्र्य, व्यवसाय आणि वस्तीचे ठिकाण यांचाही विचार हवा.

दुसरा, राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित खाली असलेल्या वर्गाला मागास म्हणता येणार नाही. तो बराच खाली असला पाहिजे.

तिसरा, राखीव जागांची तरतूद ही विशेष तरतूद असल्याने, स्थूलमानाने बोलायचे तर ती पन्नास टक्क्यांपेक्षा कमी असावी. किती कमी, हे त्या त्या परिस्थितीवर अवलंबून राहील.

अनुसूचित जातींच्या १५ टक्क्यांवर आणि जमातींच्या ३ टक्क्यांवर या प्रकरणात आक्षेपच नव्हता. वाद इतर मागास वर्गांच्या ५० टक्क्यांविषयी होता. दुसरे असे की, न्यायमूर्तींनी पन्नासचा आकडा स्थूलमानाने म्हणून दिला होता. त्यामागे लोकसंख्येची मोजणी नव्हती. परंतु पुढच्या खटल्यांत हा आकडा घट्ट होत गेला. १९९२ साली मंडल आयोगाच्या प्रकरणात, म्हणजे इंद्रा साहनी निकालात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने अपवादात्मक परिस्थिती सोडून पन्नास टक्क्यांची मर्यादा कायम केली. त्याच निकालाने जातीला मागासलेपण ठरवण्यात महत्त्वाचे स्थान दिले आणि मागासांमध्ये अधिक मागास असा भेद करता येतो हेही मान्य केले. म्हणजे बालाजीचा काही भाग मागे पडला. २०२१ साली मराठा आरक्षणाचा कायदा याच मर्यादेवर अडला. २०२२ साली मात्र आर्थिक दुर्बल घटकांच्या १० टक्के आरक्षणाच्या प्रकरणात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ही मर्यादा त्या आरक्षणाला अडसर ठरत नाही असे सांगण्यात आले.

म्हणजे १९६२ साली स्थूलमानाने लिहिलेला एक आकडा साठ वर्षे देशाचे राजकारण आणि लाखो मुलांचे भवितव्य ठरवीत आला आहे. कायदा न वाचता केवळ ऐकीव माहितीवर चर्चा करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

रंगाचारी प्रकरण : उघडलेला दरवाजा

बालाजी निकालामुळे गजेंद्रगडकर आरक्षणाचे विरोधक होते असा समज कोणी करून घेऊ नये. त्याच्या आदल्या वर्षी, १९६१ मध्ये, रेल्वेतील बढतीच्या जागांचा प्रश्न आला होता. रेल्वेने अनुसूचित जाती-जमातींसाठी वरच्या निवड पदांतही जागा राखल्या होत्या. मद्रास उच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या. कलम १६ (४) फक्त नोकरीत शिरतानाच्या भरतीपुरते आहे, असा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयात पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी रेल्वेच्या बाजूने कौल दिला आणि बहुमताचे निकालपत्र गजेंद्रगडकरांनी लिहिले. मागासवर्गीयांना केवळ खालच्या पदांवर जागा मिळून पुरेसे प्रतिनिधित्व होत नाही, वरच्या पदांवरही ते असले पाहिजे, असा अर्थ त्यांनी लावला.

१९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने बढतीतील आरक्षणाचा हा अर्थ नाकारला. तेव्हा संसदेने १९९५ साली ७७ वी घटनादुरुस्ती करून कलम १६ (४-क) घातले आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तो दरवाजा पुन्हा उघडला. आज आपल्या समाजातील जे बांधव बढतीने अधिकारी झाले, त्यांच्या हक्काचा इतिहास रंगाचारी प्रकरणापासून सुरू होतो.

मुलदास प्रकरण : मंदिराच्या दारात अठरा वर्षे

गजेंद्रगडकरांच्या पांडित्याची खरी कसोटी लागली ती १४ जानेवारी १९६६ च्या निकालात. अहमदाबादच्या स्वामीनारायण मंदिराचे सत्संगी १९४८ सालीच दिवाणी न्यायालयात गेले होते. मुंबई सरकारने १९४७ साली हरिजनांना मंदिरप्रवेश देणारा कायदा केला होता. सत्संगींचे म्हणणे असे की, आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा आहे, म्हणून हा कायदा आमच्या मंदिरांना लागू नाही. दलितांच्या वतीने मुलदास भूदरदास वैश्य हे प्रतिवादी होते. १९५१ साली खालच्या न्यायालयाने सत्संगींच्या बाजूने निकाल दिला. १९५८ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यावरचे अपील सर्वोच्च न्यायालयात आले.

सरन्यायाधीशांनी वेदांपासून संतांपर्यंतच्या परंपरेचा आढावा घेतला. हिंदू धर्माला एकच संस्थापक नाही, एकच ग्रंथ नाही, एकच देव नाही. त्यात अनेक पंथ निघाले, सुधारकांनी बंडे केली. स्वामीनारायण हे अशाच सुधारकांपैकी एक. म्हणून त्यांचे अनुयायी हिंदूच आहेत आणि मंदिरप्रवेशाचा कायदा त्यांना लागू आहे, असा निष्कर्ष काढून त्यांनी अपील फेटाळले. दलितांच्या प्रवेशाने मंदिर बाटेल ही भीती अज्ञान आणि अंधश्रद्धेतून आली आहे, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत बजावले. धर्मशास्त्राच्या नावाने बंद केलेले दार धर्मशास्त्राच्याच अभ्यासकाने उघडले. खटल्याला मात्र अठरा वर्षे लागली.

या निकालाकडे बौद्ध म्हणून आम्ही दोन प्रकारे पाहतो. मंदिराच्या दारात अडवलेल्या माणसाला न्याय मिळाला याचे आम्हाला समाधान आहे. पण त्याच विवेचनात भगवान बुद्धांचे नाव सुधारकांच्या मालिकेत घेतले गेले. बौद्ध धम्म ही हिंदू धर्माची शाखा नाही, ही बाबासाहेबांची भूमिका होती आणि १९५६ साली दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ती स्पष्ट आहे. तसेच या निकालातील हिंदू धर्माचे व्यापक वर्णन १९९५ साली निवडणुकीत धर्माच्या नावाने मते मागण्याच्या खटल्यांत वेगळ्याच कारणासाठी उद्धृत केले गेले. एका हेतूने लिहिलेले शब्द दुसऱ्या हेतूसाठी वापरले जातात ते असे.

धम्मदीक्षा आणि राखीव जागा

याच काळातील आणखी एक निकाल आपल्या विदर्भातला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चंद्रपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर बौद्ध झालेल्या व्यक्तीला अनुसूचित जातीच्या राखीव मतदारसंघातून उभे राहता येईल काय, हा प्रश्न निघाला. १९६२ च्या निवडणुकीत विधानसभेवर निवडून आलेले डॉ. मेश्राम यांच्याविरुद्ध पंजाबराव या मतदाराने अर्ज केला. सर्वोच्च न्यायालयाने, ज्याने धम्म स्वीकारल्याचे जाहीरपणे दाखवले तो बौद्ध झाला, म्हणून अनुसूचित जातीच्या यादीचा लाभ त्याला नाही, असे ठरवले. हे निकालपत्र अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातील न्या. ज. र. मुधोळकर यांनी लिहिले होते. यादीच्या आदेशातील शब्दच तसे होते. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य पातळीवर नवबौद्धांना सवलती मिळाल्या; केंद्राच्या पातळीवर मात्र १९९० साली संसदेने आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला तेव्हाच हा अन्याय दूर झाला.

यातून एक धडा मिळतो. न्यायालयात हरलेला प्रश्न तेथेच संपत नाही. कायद्यातील नेमका कोणता शब्द आड येतो हे कळले, की तो शब्द बदलण्यासाठी संघटितपणे मागणी करता येते. आपल्या समाजाने ती अनेक वर्षे केली.

विधानसभा श्रेष्ठ की न्यायालय?

सरन्यायाधीश असताना गजेंद्रगडकरांपुढे मोठा पेच आला. उत्तर प्रदेश विधानसभेने केशवसिंग नावाच्या इसमाला विशेषाधिकारभंगाबद्दल तुरुंगात टाकले. उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्याला जामीन दिला, तेव्हा विधानसभेने त्या न्यायमूर्तींनाच पकडून सभागृहापुढे आणण्याचा ठराव केला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले. ३० सप्टेंबर १९६४ रोजी गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालील पीठाने बहुमताने सांगितले की, आपल्या देशात संविधान सर्वश्रेष्ठ आहे आणि नागरिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तपासण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे.

त्यानंतर महिनाभरात सज्जनसिंग प्रकरणाचा निकाल लागला. मूलभूत हक्क बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, असे बहुमताचे मत गजेंद्रगडकरांनी लिहिले. जमीन सुधारणांचे कायदे वाचावेत ही त्यामागची पार्श्वभूमी होती. न्या. हिदायतुल्ला आणि न्या. मुधोळकर यांनी मात्र शंका व्यक्त केल्या. हिदायतुल्ला नागपूरच्या लॉ कॉलेजात शिकवीत आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले होते. मुधोळकरांनी विचारले की, संविधानाचे मूलभूत वैशिष्ट्यच बदलले तर ती दुरुस्ती म्हणायची की संविधानाचे पुनर्लेखन? त्या प्रश्नातूनच पुढे १९७३ च्या केशवानंद भारती निकालातील मूलभूत संरचनेचा सिद्धांत फुलला. बहुमताने दिलेला निकाल मागे पडला आणि विदर्भाच्या न्यायमूर्तींनी विचारलेला प्रश्न टिकला.

कामगार, विद्यापीठ आणि विधी आयोग

कामगार कायद्यात गजेंद्रगडकरांचे नाव विशेष घेतले जाते. १९५५ साली बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनविषयक निवाड्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचे काम त्यांनी केले. बोनस कसा मोजावा याविषयी त्यांनी १९५९ साली सिमेंट कंपनीच्या प्रकरणात लिहिलेला निकाल १९६५ चा बोनस कायदा येईपर्यंत मार्गदर्शक होता. कोळसा खाणी आणि सिमेंट कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट परकी नाही. निवृत्तीनंतर पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे ते अध्यक्ष होते. त्याचा अहवाल १९६९ साली आला. १९६६ ते १९७१ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९७१ ते १९७७ विधी आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काम केले. १९७२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश कोण होऊ शकतो, हे कलम १२४ मध्ये दिले आहे. उच्च न्यायालयात पाच वर्षे न्यायाधीश असलेली, किंवा दहा वर्षे वकील असलेली, किंवा राष्ट्रपतींच्या मते नामवंत विधिज्ञ असलेली व्यक्ती. तिसरी वाट संविधानकारांनी अभ्यासकांसाठी ठेवली, पण त्या वाटेने आजवर एकही नेमणूक झालेली नाही. म्हणून ज्याला अभ्यासकही व्हायचे आहे आणि न्यायाधीशही, त्याला गजेंद्रगडकरांप्रमाणे वकिली करता करताच अभ्यास चालू ठेवावा लागतो.

ही वाट आपल्यासाठी बंद नाही. २००७ साली के. जी. बालकृष्णन हे पहिले दलित सरन्यायाधीश झाले. १४ मे २०२५ रोजी अमरावतीचे न्या. भूषण गवई सरन्यायाधीश झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. त्यांनी नागपूर खंडपीठापुढे अनेक वर्षे वकिली केली होती. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी ते निवृत्त झाले. जी विद्या बाबासाहेबांना शाळेत नाकारली गेली, तिच्यापेक्षा मोठी विद्या आता आपल्या हाती आहे आणि ती म्हणजे संविधानाची विद्या. ती कोणाच्या घराण्याची मिरासदारी नाही.

पोंभुर्णा तालुक्यातील आमच्या मुलामुलींना आम्ही एवढेच सुचवतो. बारावीनंतर कायद्याचा पाच वर्षांचा, पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. चंद्रपूर-नागपूरला त्याची सोय आहे. जे कायदा शिकणार नाहीत त्यांनीही निदान एक निकालपत्र मुळातून वाचावे. सुरुवात बालाजी प्रकरणापासून करावी. वाचताना तीन गोष्टी वहीत लिहाव्यात : वाद नेमका कशाचा होता, न्यायालयाने काय ठरवले आणि न्यायालयाने जाता जाता काय म्हटले. दुसरी आणि तिसरी गोष्ट वेगळी काढता आली, की सभेत ऐकलेले भाषण आणि कायदा यांतील फरक आपोआप कळू लागतो.

आमच्या संस्थेच्या वाचनालयात संविधानाची मराठी प्रत असावी, दर महिन्याला एका निकालाचे वाचन व्हावे आणि ते गावातील वडीलधाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा सोप्या मराठीत व्हावे, अशी सूचना आम्ही सभासदांपुढे ठेवीत आहोत. गजेंद्रगडकरांच्या निकालांपैकी काहींनी आपल्यासाठी दार उघडले, काहींनी उंबरठा उंच केला. दोन्ही प्रकारचे निकाल आपण त्यांच्याइतक्याच बारकाईने वाचले पाहिजेत.

जय भीम!